केळीचा करपा आणि वाटेत पिकलेला घड

रावेर-यावलची किंवा धुळ्याकडील शिरपूरची केळी परमुलखात उतरतात, तेव्हा मधूनच एखादा घड पिवळा निघतो आणि दोष येतो हमालावर. "आपटला असेल!" ही तक्रार आमच्या युनियनपुढे अनेकदा आली. आपटलेले फळ लवकर पिकते, हे खरे. पण पुष्कळदा खरा गुन्हेगार बागेतच राहिलेला असतो. त्याचे नाव करपा.

ही पानावर जगणारी बुरशी. प्रथम बारीक पिवळट रेघा, मग मध्ये करडे पडलेले तपकिरी ठिपके. ते एकमेकांना मिळाले की पान वाळते. १९१२ च्या सुमारास फिजी बेटातील सिगाटोका खोऱ्यात ती आढळली, म्हणून जगभर तेच नाव. फळाला ती सहसा शिवत नाही! परंतु पान म्हणजे झाडाची चूल. केळ निसवली की नवे पान येत नाही. असतील त्या पानांवरच घड पोसायचा. पाने करपली की फळ बारीक राहते, आणि कापणीला हिरवे दिसले तरी आतून पिकू लागलेले असते. एक पिकले की त्यातून सुटणारा वायू शेजारच्या फळांनाही पिकवतो. हमालाने काय करावे?

दमट हवा व दाट बाग या रोगाला मानवते. रोगट पाने कापून बागेबाहेर जाळावीत, जादा पिले काढावीत, पाणी साचू देऊ नये, फवारणी त्यानंतर. आणि कापणीच्या दिवशी झाडावर हिरवी पाने किती होती, हे मालाबरोबरच्या चिठ्ठीवर लिहावे, अशी आमची मागणी आहे.