‘इंट्रो’ नव्हे, जातीची झडती!

बारावी झालेली आपल्या बौद्धवाड्यांतली, आदिवासीवाड्यांतली पोरे दरवर्षी म्हसळा स्टँडवरून मुंबई-पनवेलची एसटी धरतात. घराण्यात कॉलेजचे तोंड पाहणारी बहुधा पहिलीच. आई सुकटीची चटणी बांधून देते आणि सांगते, मोठ्यांचे ऐकून राहा.

हे ‘मोठे’ होस्टेलवर पहिल्याच रात्री भेटतात. ‘इंट्रो दे’ म्हणतात. आधी नाव, मग आडनाव. त्यावरून जात कळली नाही तर मार्क किती आणि प्रवेश कोणत्या कोट्यातून? इतरांची थट्टा चार दिवसांत संपते, आपल्या मुलांची इथून सुरू होते. याला गंमत म्हणणाऱ्यांनी डॉ. पायल तडवी आठवावी. जळगावकडची ही आदिवासी मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने होस्टेलच्या खोलीत जीवन संपवले. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर ॲट्रॉसिटी व रॅगिंगविरोधी कायद्यांखाली गुन्हा दाखल झाला. छळाची गोष्ट आधीच वरिष्ठांच्या कानावर घातली होती, असे घरच्यांचे म्हणणे. तक्रार आलीच नाही, असे कॉलेज प्रशासनाचे!

कानावर घालणे आणि लिहून देणे यांतला फरक इथे जीवघेणा आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक, कोणीही लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर तोही गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. शिक्षा रॅगिंग करणाऱ्याइतकीच, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. प्राचार्यांची मान या कलमात अडकलेली आहे. म्हणूनच ‘आपसात मिटवा’ असा प्रेमळ सल्ला मिळतो!

आणखी एक चलाखी. जातीवरून शिवी दिली तरी कागदावर नुसते ‘रॅगिंग’ लिहून घेतात, जात गायब! विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे प्रवेशावेळी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. तेही आपण न वाचताच सही करून देतो.

ज्या जिल्ह्यात महाडचे चवदार तळे आहे, तिथल्या पोरांनी मुंबईत जाऊन जात लपवायची? गावच्या मुंबई मंडळांनी वर्गणी आणि जयंतीपलीकडे एवढे करावे : नव्या मुलाबरोबर पहिल्या आठवड्यात होस्टेलवर दोघांनी जावे, रेक्टरला भेटावे. त्रास झालाच तर अर्जात जातीवाचक शब्द जसाच्या तसा लिहावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच-शिक्का घेऊनच बाहेर पडावे.