गोळीतले पिष्ट, सॉसमधले पिष्ट

"डॉक्टर, गोळी पोटात गेल्यावर फुटते कशी?" आणि "सॉसच्या बाटलीवर मॉडिफाइड स्टार्च लिहिले आहे, ते मधुमेहात चालते का?" देवपूरमध्ये रुग्ण मला हे दोन प्रश्न नेहमी विचारतात. दोन्हींचे उत्तर एकाच पदार्थात आहे.

स्टार्च म्हणजे पिष्ट. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून आपण जो चीक काढतो, त्यात मुख्यतः हेच असते. आपल्या जिल्ह्यात दोंडाईचा येथील कारखान्यात ते मक्यापासून काढतात. ग्लुकोजच्या असंख्य कड्या जुळून पिष्टाची साखळी बनते. कच्चे पिष्ट थंड पाण्यात तळाशी बसते, शिजवले की फुगते. पण आंबट पदार्थात फार उकळले तर पातळ होते आणि निवल्यावर पाणी सोडते. हे दोष घालवण्यासाठी साखळ्यांना लहान रासायनिक गट जोडतात, किंवा दोन साखळ्यांत जणू टाके घालतात. हेच सुधारित पिष्ट.

गोळ्यांत वापरतात ते सोडियम स्टार्च ग्लायकोलेट बहुधा बटाट्याच्या पिष्टापासून करतात. जोडलेले गट पाणी ओढतात, टाके कणाला विरघळू देत नाहीत. कण थंड पाण्यातही झटकन फुगतो, गोळी फुटते आणि औषध मोकळे होते. त्याचे प्रमाण साधारण २ ते ८ टक्के, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत फार तर ४० मिलिग्रॅम. एवढ्याने रक्तातील साखर वाढत नाही. मात्र हा पदार्थ हवेतील ओलही ओढतो. म्हणून गोळ्या पट्टीतून काढून कागदाच्या पुडीत ठेवू नयेत. पावसाळ्यात तर मुळीच नाही. फुगलेली, भुसभुशीत गोळी घेऊ नये.

सॉस व पाकिटातील सूप यांवर १४२२ किंवा १४४२ हे आकडे दिसतात. तेही सुधारित पिष्टच. ते आंबटात टिकते, पण पोटात बहुतांश पचून त्याचे ग्लुकोजच होते. १ ग्रॅमला सुमारे ४ कॅलरी. वेष्टनावरील 'साखर' या ओळीत पिष्ट धरलेले नसते. म्हणून मधुमेहींनी 'कार्बोहायड्रेट' ही ओळ वाचावी, आणि तेवढी भाकरी किंवा भात त्या जेवणात कमी करावा.

थोडक्यात, गोळीतल्या पिष्टाची भीती नको, ताटातल्या पिष्टाचा हिशेब मात्र हवा.