पोट काचेचं, नाक नॅनोचं

थंडीत पनवेलकडे पोपटी खाल्ली, की वाल रात्री पोटात बोलू लागतात. का? वालातल्या रॅफिनोजसारख्या साखरा आपल्या पाचकरसांना फोडता येत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात, वायू सुटतात, त्यात हायड्रोजनही.

हेच ३७ अंशांवर काचपात्रात घडवतात: ‘जठर’ २ तास, ‘लहान आतडं’ २ तास, मग जिवाणू. वर टिन ऑक्साइडच्या नॅनोकणांचा तापवलेला सेन्सर. त्यावर चिकटलेला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन अडवून ठेवतो. हायड्रोजन आला की ते सुटतात आणि रोध उतरतो. कण बारीक, म्हणून पृष्ठभाग मोठा, चाहूल लवकर. कुणाला नळी गिळायला नको.

पण बाष्प आणि इतर वायू त्याला फसवतात. म्हणून हवा आधी कोरडी करायची आणि निरनिराळे सेन्सर एकत्र लावायचे. एकट्या साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही!