पाटी वाटेची, दुकानाची नव्हे

श्रोतेहो, पन्हाळ्याकडे जाताना फाट्याशी गावाचे नाव लिहिलेली पाटी असते. नवखा माणूस तिच्या भरवशावर वळतो. त्याच पाटीवर कुणी रातोरात आपल्या दुकानाचे नाव आणि बाण रंगवला, तर बिचारा वाटसरू भलतीकडेच जाईल. ज्ञानकोशातील बाहेरचा दुवा ही अशीच एक पाटी आहे.

विकिपीडिया हा महाजालावरचा ज्ञानकोश तुम्ही मोबाइलवर पाहिला असेल. तो २००१ साली इंग्रजीत निघाला आणि मराठीत १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच, सुरू झाला. त्यातले लेख तुमच्याआमच्यासारखी माणसेच लिहितात. पुष्कळ लेखांच्या तळाशी ‘बाह्य दुवे’ असा मथळा असतो. त्याखालच्या ओळीवर बोट ठेवले, की दुसऱ्या संकेतस्थळाचे पान उघडते.

आपल्या कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही तिच्यावरच्या लेखात भर घालायला बसलात. शेजारी म्हणतो, “मास्तर, आपल्या गावच्या दुकानाचा दुवा घाला की. चार गिऱ्हाइकं येतील, कुणाचं काय बिघडलं?”

त्याचा हेतू वाईट नाही. पण बिघडते ते असे. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा ८ जिल्ह्यांचे मिळून आहे. एका दुकानाचा दुवा घातला, तर बाकीच्या कारागिरांवर अन्याय. सगळ्यांचे घातले, तर लेखाचा बाजार! आणि कातडे कसे कमावतात हे शोधायला आलेले पोर भावफलक वाचून परत जाईल. शिवाय विकिपीडिया आपल्या बाहेरच्या दुव्यांवर एक छुपी खूण ठेवतो, तिचा अर्थ असा, की शोधयंत्रांनी हा दुवा शिफारस समजू नये. म्हणजे जाहिरातीचा तो लाभही फारसा होत नाही.

मग दुवा कोणता द्यावा? स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, तिथली माहिती लेखातच सांगता येईल का? बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावतात, हे आपल्या शब्दांत लेखातच लिहावे. त्यासाठी वाचकाला बाहेर कशाला धाडायचे? दुसरा, ते पान भरवशाचे आणि सर्वांना फुकट वाचता येण्यासारखे आहे का? मानांकनाच्या सरकारी नोंदीचे पान किंवा मराठी विश्वकोशातली नोंद चालेल. दुसऱ्याचे पुस्तक चोरून चढवलेले पान मुळीच नको. तिसरा, त्यात माझा स्वतःचा फायदा आहे का? असेल, तर आपण दुवा घालू नये. लेखाच्या चर्चापानावर तसे मोकळेपणी लिहावे आणि निर्णय इतरांवर सोपवावा.

संदर्भ आणि बाह्य दुवा यांत मात्र गल्लत नको. लेखातले एखादे विधान कशावरून केले, हे दाखवतो तो संदर्भ; तो त्या विधानापाशीच हवा. ज्याला अधिक वाचायचे आहे, त्याच्यासाठी बाह्य दुवा. त्याची जागा शेवटी, मजकुराच्या मध्ये नव्हे.

कृती सोपी आहे. ‘स्रोत संपादन’ उघडून चौकोनी कंसात आधी पानाचा पत्ता लिहावा, मग एक जागा सोडून त्या पानाचे नाव लिहावे आणि कंस पुरा करावा. नुसते ‘येथे पाहा’ लिहू नये. पुढे काय आहे ते वाचकाला आधी कळले पाहिजे. दोनचार नेमके दुवे पुरेत.

पाटी एकदा लावली म्हणजे काम संपले, असेही नाही. संकेतस्थळे बंद पडतात, पत्ते बदलतात. १९९६ साली स्थापन झालेली इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था पुष्कळ पानांच्या जुन्या प्रती जपून ठेवते. तिथे प्रत सापडली, तर मेलेल्या दुव्याच्या जागी तिचा पत्ता घालता येतो.

शिक्षक मित्रहो, एखाद्या शनिवारी वर्गात आपल्या तालुक्याचा लेख उघडा. मुलांना एकेक दुवा तपासू द्या: उघडतो का, विषयाला धरून आहे का, कुणाची जाहिरात तर नाही ना? जो चुकीचा वाटेल तो का काढावा, हे त्यांच्याच तोंडून ऐका. आज पाटी तपासायला शिकलेले मूल उद्या मोबाइलवर येणाऱ्या कुठल्याही बाणामागे डोळे झाकून जाणार नाही.