नोंदी आपल्या, किल्ली कुणाची?

दिवाळीच्या सुमारास मध्य प्रदेशातल्या, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पांढुर्णा-सौंसर भागात आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू असते आणि पेठेत वहीपूजनाची तयारी. उभ्या बागेवर दिलेला बयाणा, तोडणीची मजुरी, गाडीभाडं, बागायतदाराची बाकी, हे सारं पूर्वी रोजमेळ आणि खतावणीत असायचं. वही दुकानात आणि लिहिणारा मुनीमही दुकानातलाच. आता वहीची पूजा होते, पण हिशेब संगणकात असतो आणि तो ज्या डेटाबेसमध्ये साठतो त्याचा पासवर्ड पुष्कळदा फक्त सॉफ्टवेअर देणाऱ्याकडे असतो. संबंध सुरळीत असेतो हे ध्यानातही येत नाही. सॉफ्टवेअरवाल्याने धंदा बंद केला, देखभालीचे पैसे वाढवले किंवा आपणच दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं, की मग कळतं: वर्षानुवर्षांच्या उधारीच्या नोंदी आपल्याच संगणकात आहेत, पण आपल्याला त्या वाचता येत नाहीत.

मोठ्या संस्थांचंही याहून वेगळं नाही. मध्य प्रदेशातल्या ४१३ नागरी संस्थांसाठी ‘ई-नगरपालिका’ ही एकच राज्यव्यापी प्रणाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि राज्यभरातल्या नगरपालिकांची ऑनलाइन कामं एकदम अडली. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार काही काळ थांबले. तिथे कुलूप गुन्हेगारांनी लावलं होतं. पुरवठादाराने पासवर्ड स्वतःकडे ठेवणं हा गुन्हेगारी हल्ला नव्हे, पण नोंदींच्या मालकाची अडचण दोन्हीकडे सारखीच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा अशाच हल्ल्यात कुलूपबंद झाला. तिथल्या ई-हॉस्पिटल प्रणालीचा डेटा परत मिळाला, तो हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून.

दुकानातल्या किंवा पतसंस्थेतल्या संगणकावरचं कुलूप मात्र बऱ्याचदा दिसतं तेवढं पक्कं नसतं. जुन्या फॉक्सप्रो सॉफ्टवेअरच्या डीबीएफ फायलींना सहसा पासवर्डच नसतो. लिबरऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्या थेट उघडतात. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या जुन्या एमडीबी फायलींमध्ये पासवर्ड फाइलच्या सुरुवातीच्या भागातच, अगदी कच्च्या पद्धतीने झाकून ठेवलेला असतो. तो काढून देणारी साधनं मिळतात. २००७ नंतरच्या एसीसीडीबी फायलींचं कूटलेखन मात्र खरं असतं आणि ते सहज फुटत नाही.

एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएल असेल, तर पासवर्ड बहुधा सर्व्हरच्या दारावर पहारा देतो. आतली टेबलं मुद्दाम कूटबद्ध केली नसतील, तर साधीच असतात. म्हणून संगणक आपला आणि विंडोजचे प्रशासक अधिकार आपल्याकडे असले, की एसक्यूएल सर्व्हर ‘सिंगल यूझर’ पद्धतीने सुरू करून नवा प्रशासक नेमता येतो. ही चोरवाट नव्हे, मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या माहितीपत्रकात दिलेला मार्ग आहे. मायएसक्यूएलमध्येही विसरलेला पासवर्ड बदलण्याची अशीच अधिकृत सोय आहे. संपूर्ण डेटाबेसच कूटबद्ध केला असेल, तर किल्लीशिवाय इलाज नाही. आणि डेटा पुरवठादाराच्या क्लाउडवर असेल, तर लॉगिन चालू आहे तोवर प्रत्येक अहवाल एक्सेलमध्ये उतरवून घेणं, एवढंच हाती राहतं.

या कामाचा पहिला नियम असा: मूळ फाइलला हात लावायचा नाही. सर्व्हर बंद करून सगळ्या फायलींची प्रत घ्यायची आणि जे करायचं ते प्रतीवर करायचं. घाईत मूळ फाइल बिघडली, तर नंतर कुशल माणूसही हतबल होतो.

कुलूप उघडलं म्हणजे निम्मंच काम झालं. आत शेकडो टेबलं असतात आणि स्तंभांच्या नावांचा अर्थ सॉफ्टवेअर करणाऱ्यालाच ठाऊक. अशा वेळी छापील कागद वाटाड्या होतो. एखादं जुनं बिल घ्यावं, त्याचा क्रमांक आणि रक्कम टेबलांमध्ये शोधावी. एक बिल सापडलं की ग्राहक, माल आणि जमा यांचे धागे जुळू लागतात. शेवटी दरवर्षीची तेरीज जुन्या छापील तेरजेशी ताडून पाहावी. ती पैशापैशाने जुळत नाही, तोवर डेटा परत मिळाला असं म्हणू नये.

आपल्या भागात आणखी एक अडथळा येतो तो फाँटचा. युनिकोड रुळण्याआधी हिंदी-मराठी नोंदी कृतीदेवसारख्या फाँटमध्ये होत. त्यात डेटाबेसमध्ये साठतात ती इंग्रजी अक्षरंच, फाँट त्यांना देवनागरीचं रूप देतो. कृतीदेवमध्ये लिहिलेला ‘राम’ आत ‘जे’, ‘के’, ‘ई’ अशा तीन रोमन अक्षरांनी साठलेला असतो. फाँट बदलणारी साधनं हे रूपांतर करतात, पण जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांत चुका राहतात. त्यातच सीमाभागात एकच माणूस मराठी नोंदीत ‘काळे’ आणि हिंदी नोंदीत ‘काले’ असतो. ही नावं यंत्रावर सोडू नयेत. गावची माणसं ओळखणाऱ्याने बसून तपासावीत.

हे करण्याचा हक्क आपल्याला आहे का? सॉफ्टवेअरच्या प्रोग्रॅमवर पुरवठादाराचा स्वामित्व हक्क असतो. त्यात आपण भरलेल्या नोंदी त्यामुळे त्याच्या होत नाहीत. २००० चा माहिती तंत्रज्ञान कायदा संगणकाच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय केलेल्या प्रवेशाला दोष देतो. आपल्याच संगणकातली आपलीच फाइल उघडणं वेगळं आणि पुरवठादाराच्या सर्व्हरमध्ये घुसणं वेगळं. दुसरी गोष्ट कदापि करू नये. करारात काही अटी असतील, तर करार आधी वकिलाला दाखवावा आणि डेटाची मागणी लेखी करावी.

जीएसटीचा कायदा तर व्यापाऱ्यावर जबाबदारीच टाकतो. वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपायचे असतात. नियम ५७ प्रमाणे संगणकीय नोंदींचा बॅकअप ठेवावा लागतो आणि अधिकाऱ्याने मागितल्यास फायलींचे पासवर्डही द्यावे लागतात. जो पासवर्ड सरकारला देणं आपलं कर्तव्य आहे, तो आपल्याकडेच नसणं ही गंभीर बाब आहे.

युरोपीय संघाचा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि एका क्लाउड सेवेतून दुसरीकडे डेटा नेण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात असा हक्क नाही, शिवाय हा कायदा व्यक्तींच्या माहितीपुरता आहे, दुकानाच्या खतावणीसाठी नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ च्या निर्देशांत बँकांना तंत्रसेवा पुरवठादारापासून बाहेर पडण्याची योजना आधीच आखायला सांगितलं आहे. लहान व्यापारी आणि पतसंस्थांनी हीच शिस्त करारात आणावी.

करारात चार वाक्यं पुरेत. भरलेला सर्व डेटा ग्राहकाचा आहे. डेटाबेसचा प्रशासक पासवर्ड सीलबंद पाकिटात ग्राहकाच्या तिजोरीत राहील. करार संपल्यावर तीस दिवसांत सगळा डेटा सीएसव्हीसारख्या खुल्या स्वरूपात, टेबलांच्या माहितीसह, विनामूल्य मिळेल. वर्षातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवला जाईल. शेवटच्या वाक्याचं मोल सर्वांत जास्त, कारण न उघडून पाहिलेला बॅकअप ऐन वेळी दगा देतो.

छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये अस्तित्वात आला. पांढुर्णा आणि सौंसर इथे कार्यालयं, संस्था, दवाखाने, शाळा आपापली दप्तरं नव्याने संगणकावर मांडत असतील, तर करार नीट करण्याची वेळ हीच आहे. अडकलेला डेटा सोडवायला पैसा आणि महिने लागतात, करारातली चार वाक्यं आज फुकट लिहून घेता येतात. सही करण्याआधी ती मागा, आणि जो पुरवठादार ती द्यायला नकार देईल त्याच्याकडून सॉफ्टवेअर घेऊ नका.