सॉफ्टवेअर उघडता उघडता बंद पडतंय? आधी काही डिलीट करू नका

आजचा भाग ऐकून झाल्यावर कुठं काय दाबायचं ते लक्षात राहत नाही, म्हणून बोललेलं सगळं इथं लिहून देतोय. मोबाईलवर वाचत असाल तर मधल्या पायऱ्यांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. कारण ज्या दिवशी याची गरज पडेल, त्या दिवशी तुमचा कॉम्प्युटरच रुसलेला असणार.

मी सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिझाइनचं काम करतो. म्हणजे टॉवेलवरचं फूल, काठ, हॉटेलचं नाव, हे सगळं आधी माझ्या स्क्रीनवर चौकटी-चौकटीत तयार होतं. मग ती फाइल पेनड्राइव्हवरून इलेक्ट्रॉनिक जकार्डला जाते आणि माग चालू होतो. फाइल नाही, तर माग नाही. आणि आमच्याकडं मागावरच्या माणसाची मजुरी नगावर असते. माग उभा राहिला की त्याचा दिवस पण उभाच राहतो.

तर झालं असं. एका सकाळी मी डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं. नाव असलेली ती सुरुवातीची पाटी आली, दोन सेकंद थांबली आणि गायब. परत उघडलं, परत गायब. ना एरर, ना मेसेज. तेवढ्यात मागाकडनं जॉबर आले. "काय ओ, फाइल येईना झाली की. दोन माग उभे हायत." सॉफ्टवेअरचं नाव मी सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हती. चूक माझी होती, आणि तीच आज सांगायची आहे.

मी काय केलं, आणि ते का चुकलं

घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि नव्यानं टाकलं. दीड तास गेला. उघडलं, तर परत गायब. मग मी अजून चिडलो. सेटिंगचं एक फोल्डर सापडलं, ते शिफ्ट दाबून डिलीट केलं, म्हणजे रिसायकल बिनमध्येसुद्धा राहिलं नाही. आणि सॉफ्टवेअर उघडलं! मी खुश. पाच मिनिटांनी कळलं की त्याच फोल्डरमध्ये आमची विणींची लायब्ररी होती. माझ्या आधी इथं डिझाइन करणाऱ्या मामांनी कित्येक वर्षं बसून एकेक वीण तयार करून ठेवलेली. ती गेली.

इथं एक गोष्ट समजून घ्या. तुम्ही सॉफ्टवेअर काढता तेव्हा मुख्य प्रोग्राम जातो. पण तुमची सेटिंग, तुमचे टूलबार, तुमचे रंग, हे सगळं विंडोजमध्ये तुमच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरात असतं आणि बऱ्याचदा तिथंच राहतं. नवीन सॉफ्टवेअर टाकलं की ते परत तीच खराब फाइल वाचतं आणि परत कोसळतं. घर नवीन बांधलं, पण दाराला गंजलेलं कुलूप जुनंच लावलं, तसा प्रकार.

आणि फाइल खराब कशामुळं झाली? आदल्या संध्याकाळी लाइट गेली होती. बरीच सॉफ्टवेअर बंद होताना आपली सेटिंग लिहून ठेवतात. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल अर्धवट राहते. काही महिन्यांनी हाच प्रकार परत झाला, तेव्हा मी शहाणा होतो. फोल्डर उघडून पाहिलं, तर सेटिंगच्या फाइलचा आकार शून्य केबी. म्हणजे नाव आहे, आत काहीच नाही.

आता पायऱ्या. क्रम सोडू नका

पहिली: काय बदललं ते आठवा. काल चाललेलं आज का चालेना? मध्ये विंडोज अपडेट झालं का, नवीन फॉन्ट टाकला का, प्रिंटर बदलला का, लाइट गेली का? वहीत लिहा. बरीच सॉफ्टवेअर सुरुवातीच्या पाटीवर खाली बारीक अक्षरात काय लोड होतंय ते दाखवतात. मोबाईलनं त्याचा व्हिडिओ काढा आणि हळू करून पाहा. शेवटची ओळ फॉन्टची आहे की प्लगइनची, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

दुसरी: रीस्टार्ट करा, शटडाउन नाही. हसू नका. विंडोज 10 आणि 11 मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. त्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. तुमचं सॉफ्टवेअर आत अडकून पडलेलं दिसलं तर ते बंद करा.

तिसरी: सी ड्राइव्ह बघा. लाल पट्टी दिसत असेल तर आधी जागा करा. डिझाइनच्या सॉफ्टवेअरला सुरू होतानाच तात्पुरत्या फाइलींसाठी जागा लागते.

चौथी, आणि सगळ्यात महत्त्वाची: सेटिंग नवी करा, पण जुनी जपून. विंडोजची कळ आणि आर दाबा. टक्क्याचं चिन्ह, अ‍ॅपडेटा, परत टक्क्याचं चिन्ह, असं टाइप करून एंटर मारा. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर दिसेल. डिलीट करू नका. त्याची एक कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा आणि मूळ फोल्डरच्या नावापुढं 'जुनं' लिहा. आता सॉफ्टवेअर उघडा. ते आपलं फोल्डर शोधेल, सापडणार नाही, आणि नवीन बनवेल. उघडलं तर रोग सापडला. मग जुन्या फोल्डरातून आपली लायब्ररी, रंग, टूलबार एकेक करून परत आणा. सगळं एकदम आणलंत तर खराब फाइलही परत येईल.

काही सॉफ्टवेअरमध्ये यासाठी शॉर्टकट आहे. कोरलड्रॉ उघडताना एफ 8 दाबून धरा. फोटोशॉप उघडताना कंट्रोल, अल्ट आणि शिफ्ट तिन्ही एकदम धरा. ऑटोकॅडसाठी स्टार्ट मेन्यूत 'रीसेट सेटिंग्ज टू डिफॉल्ट' आहे, आणि ते आधी बॅकअप घ्यायचा का म्हणून विचारतं. हो म्हणा. बाकी ठिकाणी बॅकअप तुम्हालाच घ्यायचा आहे.

पाचवी: विंडोजमध्ये नवीन यूजर खातं काढून तिथून सॉफ्टवेअर उघडून बघा. नवीन खात्यात चाललं तर बिघाड तुमच्या खात्यातल्या सेटिंगमध्ये आहे. तिथंही कोसळलं तर तो सगळ्या मशीनचा आहे, म्हणजे ड्रायव्हर, फॉन्ट, प्रिंटर किंवा विंडोज. एवढ्या एका चाचणीनं निम्मी दिशाभूल वाचते.

सहावी: फॉन्ट आणि प्रिंटर. आपण लेबल आणि फ्लेक्ससाठी मिळेल तिथून मराठी फॉन्ट गोळा करतो. त्यातला एक खराब निघाला तरी फॉन्टची यादी वाचताना सॉफ्टवेअर पडू शकतं. शेवटी टाकलेले फॉन्ट बाहेर काढून बघा. तसंच काही सॉफ्टवेअर सुरू होतानाच डिफॉल्ट प्रिंटरला विचारपूस करतात. प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडला असेल किंवा नेटवर्कवरचा प्रिंटर गायब असेल तर तिथंच अडकतात. तात्पुरता 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा डिफॉल्ट करून पाहा.

सातवी: ग्राफिक्स ड्रायव्हर. अपडेटनंतर हे दुखणं सुरू झालं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अ‍ॅडाप्टर, मग प्रॉपर्टीज, मग ड्रायव्हर. तिथं 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण चालू असेल तर जुन्यावर परत या.

आठवी: विंडोजनं काय लिहून ठेवलंय ते वाचा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग अ‍ॅप्लिकेशन. कोसळल्याच्या वेळेची लाल खूण शोधा. त्यात 'फॉल्टिंग मोड्यूल नेम' असेल. तिथं ग्राफिक्स कार्डच्या कंपनीची फाइल दिसली तर सातव्या पायरीवर जा. प्लगइनचं नाव दिसलं तर तो प्लगइन काढा. कर्नलबेस किंवा एनटीडीएलएल दिसलं तर त्यावरून फारसं कळत नाही, ते विंडोजचेच भाग आहेत. एक्सेप्शन कोडमध्ये सी, मग सहा शून्यं आणि शेवटी पाच असेल, तर प्रोग्रामनं आपली नसलेली मेमरी वापरायला बघितली एवढाच त्याचा अर्थ. का बघितली, ते वरच्या पायऱ्यांतूनच शोधावं लागतं.

एक कडू गोष्ट पण सांगतो. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर असेल तर अँटीव्हायरस त्यातली फाइल उचलून बाजूला ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ते उघडत नाही. तिथं अँटीव्हायरस बंद करणं हा उपाय नाही. कारखान्याच्या सगळ्या फाइली त्याच मशीनवर असतात.

मोठ्यांचंही असंच होतं

19 जुलै 2024 आठवतो? विमानतळावरचे फलक निळे पडले होते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख विंडोज मशीन कोसळली. कारण होती क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं पाठवलेली एक अपडेट फाइल. प्रोग्रामला 20 रकाने अपेक्षित होते, फाइलीच्या हिशोबात 21 आले. प्रोग्राम तोच, पण सुरू होताना वाचायची फाइल चुकीची. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन तेवढी एक फाइल काढणं. सगळं विंडोज नव्यानं टाकणं नव्हे.

आणि ती लायब्ररी?

मी मामांना फोन केला. ओरडतील वाटलं होतं. ते दुसऱ्या दिवशी बसनं चिंचोळीला आले. त्यांनी पुठ्ठ्याच्या पंचकार्डांच्या काळात काम सुरू केलेलं. 1804 च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्ड यांनी जी कार्डवर चालणारी पद्धत आणली, तीच आपल्या चादरीच्या मागांवर होती. "कार्डात एक भोक चुकलं की फुलाची पाकळी मोडायची," मामा म्हणाले. "चूक डोळ्यांना दिसायची. तुमच्यात दिसंना झालीय, एवढंच."

मग त्यांनी गोदामातून जुने नमुन्याचे टॉवेल मागवले. भिंग लावून एकेक धागा मोजत ग्राफ पेपरवर खुणा केल्या आणि मी त्या कॉम्प्युटरवर भरल्या. चार दिवस लागले. तरी सगळ्या विणी परत आल्या नाहीत. ज्यांचा नमुना कापडात शिल्लक होता, तेवढ्याच आल्या.

आता माझ्या मशीनला यूपीएस आहे. दर शनिवारी लायब्ररीची कॉपी दोन ठिकाणी जाते, एक कारखान्यात आणि एक बाहेर. मॉनिटरखाली एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'आधी कॉपी, मग नाव बदल, मग बघू.'

तुम्ही पण आज एवढंच करा. कॉम्प्युटर चांगला चालतोय तोवर ते फोल्डर शोधा आणि त्याची कॉपी काढून ठेवा. दहा मिनिटं लागतील. चला, भेटू पुढच्या भागात.