नवा माणूस कामात कमी पडतो तेव्हा

ढाणकी-उमरखेडहून पुण्याला पहिल्या नोकरीवर गेलेल्या पोराला ‘जमत नाही’ म्हणून काढले, की दोष त्याचाच धरतात. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मात्र कामगार आणि मालक दोघांनाही प्रत्येकी ५ कर्तव्ये आहेत. कामगाराने आधी उठावे, दिलेलेच घ्यावे, काम नीट करावे. (रात्री सर्वांनंतर झोपावे असेही आहे; आजच्या ऑफिसने ते शब्दशः घेऊ नये!) मालकाचे पहिलेच कर्तव्य कुवतीप्रमाणे काम देणे. वेतन, आजारपणात काळजी, वेळेवर सुटी त्यानंतर येतात.

धम्मपद अट्ठकथेतील चूळपंथकाला ४ महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला विहारातून जायला सांगितले. बुद्धांनी पाठांतर बाजूला ठेवून हाती स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. कापड मळले, अनित्यता उमगली, तो अर्हत झाला. माणूस तोच, काम बदलले.

म्हणून आपल्या संघटनेतही नव्या कार्यकर्त्याला नालायक ठरवण्याआधी विचारा: काम समजावले का, करून दाखवले का, दुसरे देऊन पाहिले का? तरीही जमत नसेल तर मुदत देऊन तोंडावर सांगा, माघारी नको. आणि नव्या पोरांनो, अडलात तर त्याच दिवशी विचारा.